किनवटच्या डोंगरातला पौष

भोकर मागे पडलं की आगगाडीच्या खिडकीतला नांदेड जिल्हा बदलतो. तोवर काळी सपाट रानं, हरभऱ्याचे हिरवे पट्टे, मधेच कुठे हळद. हिमायतनगरच्या पुढे जमीन वरखाली होऊ लागते, साग दिसायला लागतो आणि वाऱ्याला धार येते. सहस्रकुंड स्टेशनवर पावसाळ्यात धबधबा बघायला माणसं उतरतात. पौषात गाडी थांबते ती दोन-चार बाया आणि त्यांच्या गाठोड्यांसाठी. मग बोधडी, मग किनवट. स्टेशनबाहेरच्या टपरीवर कानाला मफलर गुंडाळलेली माणसं चहाच्या पेल्याभोवती हात धरून उभी होती. सकाळचे नऊ वाजून गेले होते आणि ऊन अजून अंगाला लागत नव्हतं.

मी उदगीरकडचा. आमचा बालाघाट पसरट. डोंगर चढलो कधी आणि पठारावर आलो कधी, हे एसटीत बसलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला, किनवट-माहूरमध्ये ज्या सातमाळ्याच्या रांगा आहेत त्यांचा स्वभाव निराळा आहे. दऱ्या अरुंद, उतार उभे, जंगल दाट. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा, आणि दुसऱ्या बाजूला डोंगर उतरला की तेलंगणातलं आदिलाबाद. माझ्याबरोबर शाळेत नोकरी करणाऱ्या एका मास्तरांचं मूळ घर या डोंगरात आहे. संक्रांतीच्या आधीचे दिवस त्या घरी काढायचे, असं आमचं बरेच दिवस चाललं होतं.

जाण्याचं कारणही सांगतो. मराठवाडा म्हटलं की बाहेरच्या माणसाला उन्हाळा आठवतो: टँकर, कोरड्या विहिरी, २०१६ साली मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली रेल्वे. हे सगळं खरंच आहे. पण आमचं वर्ष उन्हाळ्यात ठरत नाही. घरात दाणा किती येणार, हातात पैसा किती येणार, लेकराची फी भरली जाणार की नाही, हे सगळं हिवाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांत ठरतं. आणि हा हिवाळा डोंगरातल्या एखाद्या एकट्या घरात राहून बघितल्याशिवाय नीट दिसत नाही, असं माझं मत आहे.

किनवटहून काळीपिवळीने डांबरी रस्ता संपेपर्यंत आलो. तिथून मास्तरांच्या पुतण्याने मोटारसायकलवर अर्ध्या वाटेपर्यंत नेलं. पुढची चढण पायी. घर आंध समाजाचं. हिंगोली, नांदेड, यवतमाळ या पट्ट्यात आंध आदिवासींची वस्ती मोठी आहे आणि त्यांची बोली मराठीच. समोरच्या उतारावर कोलामांचं पोड, म्हणजे वस्ती, खाली रस्त्याला लागून बंजाऱ्यांचा तांडा. एकाच दरीत सकाळी मराठी, कोलामी आणि गोरमाटी अशा तीन बोलींत गुरांना हाका मारलेल्या ऐकू येतात.

मास्तरांची आई उंबऱ्यातच भेटली. तिला सगळं घर माय म्हणतं, मीही तेच म्हणू लागलो.

"एवढ्या थंडीत कामून आलाव बाबा? मोहाची फुलं पडत्यात तवा यायचं न्हाई का," ती म्हणाली, आणि आत वळून सुनेला चहा टाकायला सांगितलं.

घराच्या भिंती कुडाच्या. तुराट्या आणि बांबूच्या कामट्या उभ्या बांधायच्या, दोन्ही अंगांनी माती-शेणाचा लिंपा द्यायचा. वर नळीची कवेलू, एका बाजूला टीनपत्रे. आमच्या लातूर भागात थंडीचं उत्तर म्हणजे माळवद: हातभर रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि छतावर मातीचा जाड थर. माळवद उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात त्याच भिंती आणि तीच छतं झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. त्यामुळे हलक्या कुडाकडे मी आदराने बघतो. कुडाचं घर ऊब धरून ठेवत नाही हेही खरं. लिंप्याला जिथे भेग गेली असेल तिथून रात्री वारं आत येतं, आणि दर दसऱ्या-दिवाळीला मास्तरांच्या वहिनी सगळ्या भिंती नव्याने लिंपतात त्याचं कारण सणापेक्षा हे वारं अधिक आहे.

या घरात तीन खोल्या. त्यातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात बंदिस्त खोली माणसांसाठी नव्हती, तिच्यात कापूस होता. जमिनीपासून आढ्याच्या जवळपास पोचलेला पांढरा ढीग. दिवाळीपासून वेचलेला, भाव वाढेल या आशेने ठेवलेला. दार उघडलं की कोरडा, किंचित तेलकट वास येतो आणि बाहेरच्यापेक्षा आत ऊब जाणवते. मी नकळत हात घातला, कोपरापर्यंत आत गेला. आतला कापूस अंगाच्या उबेइतका कोमट लागत होता. पण या घरात कोणी त्या खोलीत झोपत नाही. कापसाशेजारी झोपलं की अंगाला खाज सुटते, पुरळ येतं. आणि मुख्य भीती विस्तवाची. म्हणून थंडीच्या दिवसांत चूल, शेकोटी, दिवा, विडी यांतलं सगळं त्या दारापासून लांब. घरातली सगळ्यात उबदार गोष्ट विकायची आहे आणि तिच्यापायी माणसं ओसरीत वाकळा पांघरून झोपतात. हे मला पहिल्याच रात्री कळलं, आणि नंतर त्या घरातलं जे जे पाहिलं ते याच्याशीच जोडलेलं होतं.

पहाट माय करते. चारच्या सुमाराला तिचं खोकणं ऐकू येतं, मग काटक्या मोडल्याचा आवाज. अंगणातल्या खळग्यात गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, पेटतात. तुराट्या भरभर जळतात, त्या पेटवायला, पऱ्हाटी टिकते, आणि सागाचा एखादा ओंडका रात्रीपासून धुमसत असतो. या आगटीभोवती सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. धुराच्या बाजूला बसायची पाळी पाहुण्यावर येऊ देत नाहीत. कोपऱ्यात उज्ज्वला योजनेचा सिलिंडर आहे, पण तो भरून आणायला डोंगर उतरावा लागतो, म्हणून तो आल्यागेल्याच्या चहापुरता. आंघोळीचं पाणी याच विस्तवावर, मोठ्या पातेल्यात.

पाणी मात्र वरच्या झिऱ्याचं. कातळातून झिरपणारं पाणी एका खड्ड्यात साठतं, तिथून वहिनी आणि त्यांची जाऊ कळशा भरून आणतात. मी एका पहाटे त्यांच्या मागे गेलो. अंधारात त्या पाण्यावर हलकी वाफ तरंगत होती. जमिनीखालचं पाणी बारा महिने जवळपास एकाच तापमानाचं असतं. बाहेर हवा इतकी गारठते की तेच पाणी हाताला कोमट लागतं. वहिनी आधी दोन्ही हात पाण्यात बुडवून थोडा वेळ तशाच बसल्या, मग कळशी घेतली. फेब्रुवारी संपता संपता हा झिरा आटतो. मग तीच कळशी दरीत खालच्या विहिरीवरून चढवून आणायची. हिवाळा वहिनींना आवडतो तो या एका कारणासाठी. त्यांनीच सांगितलं.

वस्ती दरीच्या तळाशी का नाही, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. विहीर खाली, ओढा खाली, चांगली जमीन खाली. उत्तर त्या पहाटे मिळालं. झिऱ्याकडे उभं राहिलं तेव्हा थंडी सोसण्यासारखी होती. सूर्य यायच्या आधी दादांबरोबर, म्हणजे मास्तरांच्या थोरल्या भावाबरोबर, खाली शेतात उतरलो तर प्रत्येक वळणाला गारठा वाढत गेला. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाला देऊन टाकते, उतारावरची गार झालेली जड हवा पाण्यासारखी खाली वाहते आणि दरीत साठते. तळाशी धुई बसली होती, इतकी दाट की दादांच्या खांद्यावरचं फावडं तेवढं दिसत होतं. हरभऱ्याच्या पानांवरून दवाचे थेंब ओघळत होते. जुन्या माणसांनी घरं उताराच्या मधोमध बांधली ती पुराला भिऊन, तशी या गारठ्यालाही भिऊन. मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत थंडीचा आकडा येतो तो बहुधा परभणीच्या कृषी विद्यापीठातला. डोंगराच्या दरीतला गारठा मोजायला तिथे कोणी नाही.

धुईचा दादांना राग आहे. "तूर फुलावर असताना दोन दिस ही बसली की फूल गळतंय, सर. मग शेंगा कुठून धरायच्या?" त्यांनी तुरीची एक फांदी ओढून दाखवली. खालच्या अर्ध्या भागात शेंगा भरलेल्या, वरचा शेंडा मोकळा. त्या मोकळ्या शेंड्याकडे ते बराच वेळ बघत उभे होते.

दिवसाचं मुख्य काम वेचणी. ती सकाळी लवकर सुरू करता येत नाही. दवाने कापूस ओला असतो. ओला वेचला तर ढिगात तापतो, पिवळा पडतो. म्हणून ऊन चांगलं वर येईपर्यंत थांबायचं आणि मग संध्याकाळपर्यंत पाठ सरळ करायची नाही. बाया कमरेला ओटी बांधतात, दोन्ही हातांनी वेचतात. बोंड उकललं की त्याच्या पाकळ्यांची टोकं वाळून कडक होतात, ती नखांच्या मुळाशी टोचतात. थंडीने आधीच उललेल्या बोटांना ती जास्त लागतात. माझ्याशेजारी वेचणाऱ्या वहिनींच्या उजव्या अंगठ्याला कापडाची चिंधी बांधलेली होती, तिच्यावर तेलाचा डाग. तिळाचं तेल कोमट करून रात्री बोटांना लावतात. त्या बोलता बोलता तीन बोटांनी बोंडातला सगळा कापूस एकाच झटक्यात काढत, मागे एक तंतू राहत नसे. माझ्या बोंडात अर्धा तसाच राही आणि सोबत वाळलेल्या पानाचा चुरा ओटीत येई. चुरा आला की भाव कमी होतो, म्हणून थोड्या वेळाने त्यांनी माझी ओटी हळूच काढून घेतली आणि मला पोती धरायला लावलं.

ओलाव्याचा हिशेब पुढे बाजारातही असतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये आहे. पण सरकारी खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की त्या प्रमाणात पैसे कापले जातात आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. डोंगरातून ट्रॅक्टर भाड्याने करून माल नेलेला शेतकरी तो परत आणू शकत नाही. तो व्यापाऱ्याला, मिळेल त्या भावाने विकून येतो. दादा कधी किनवटला विकतात, कधी आदिलाबादेला. आदिलाबाद ही कापसाची मोठी बाजारपेठ आहे आणि या डोंगराला ती परकी कधीच नव्हती.

कारण किनवट तालुका मुळात आदिलाबाद जिल्ह्याचाच. हैदराबाद संस्थानात आणि पुढे हैदराबाद राज्यात तो तिकडे होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट तालुका आणि इस्लापूरचा भाग इकडे आले. आमचं उदगीर, अहमदपूर, निलंगा त्याच वेळी बीदर जिल्ह्यातून आले. जिल्हा बदलला, कचेरी बदलली, नातीगोती आणि वाटा राहिल्या. आजही पौष अमावस्येला आदिलाबाद जिल्ह्यात केसलापूरला नागोबाची जत्रा सुरू होते तेव्हा सीमेच्या या बाजूचे गोंडही तिकडे जातात.

इथे एका लातूरकराची आठवण काढावीशी वाटते. सेतुमाधवराव पगडी इतिहासकार म्हणून सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचा जन्म १९१० चा, निलंग्याचा. निजामाच्या राज्यात अधिकारी असताना त्यांनी आदिलाबादच्या डोंगरांतल्या लोकांची गोंडी आणि कोलामी शिकून घेतली आणि कोलामीचं व्याकरण लिहिलं. सपाटीवरच्या माणसाने या डोंगराशी कसं वागावं याचा त्याहून चांगला नमुना मला दुसरा माहीत नाही. समोरच्या पोडातली म्हातारी टोपल्या विकायला आली तेव्हा मला तिच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. तिची बांबूची मोठी टोपली वहिनींनी ज्वारी देऊन घेतली. कापूस भरायला या टोपल्या लागतात, आणि विणकामात कोलामांचा हात धरणारं या भागात कोणी नाही. बांबू तासायचं आणि विणायचं काम हिवाळ्यात उन्हाला बसून चालतं.

खाणं हा हिवाळ्याचा गोड भाग आहे. सकाळी ज्वारीची भाकरी आणि कारळाची चटणी. दुपारी शेतातच हरभऱ्याच्या कोवळ्या पानांचा घोळाणा: कच्ची पानं, कांदा, तेल, तिखट-मीठ, चुरगाळून. संध्याकाळी तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या. आगटीभोवती बसून त्या सोलत बसायचं, टरफलं विस्तवात टाकायची. ओल्या तुरीच्या दाण्यांची, सोल्यांची, आमटी रात्री. आश्रमशाळेतून सुट्टीला आलेली मास्तरांची पुतणी ओंजळभर रानबोरं घेऊन यायची. त्या बोरांवर अस्वलही टपून असतं, म्हणून ती एकटी जात नसे.

एक दिवस उनकेश्वरला गेलो. किनवट तालुक्यातच पैनगंगेच्या काठाला हे गरम पाण्याचं ठिकाण. गंधकाचा वास येतो, त्वचारोगाची माणसं लांबलांबून येतात आणि लोक शरभंग ऋषींची कथा सांगतात. दादा तिथे हात-पाय बुडवून शांत बसले. त्यांच्या टाचांच्या भेगा मी तेव्हा पाहिल्या. माहूरला जायचं राहिलं. दत्तजयंतीला मार्गशीर्ष पौर्णिमेला घरचे सगळे दत्तशिखरावर जाऊन आले होते, आणि रेणुकेच्या गडावरचा कुटलेला विडा मायने माझ्यासाठी पुडीत जपून ठेवला होता.

तिला मी आमच्या येळवशीचं सांगितलं. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागात गावंच्या गावं रिकामी होतात. सगळे शेतात. कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करून भज्जी, उंडे, आंबील, खीर यांचं जेवण. ज्याला शेत नाही त्याला ज्याच्याकडे आहे तो बोलावतो. मडक्यातली गार आंबील थंडीत पितो हे ऐकून माय हसली. मग म्हणाली, "म्हंजी एक दिस समदी रानात जाताव. आम्ही रोजच रानात." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण मला वाटलं, सपाटीवर जो सण आहे तो इथे जागल आहे.

जागल म्हणजे रात्री पिकाची राखण. रानडुकरांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचा पट्टा लोळवतो, रोही तूर ओरबाडतात. म्हणून शेताच्या मधोमध चार खांबांवर माळा, वर गवताचं छप्पर, खाली धुमसता ओंडका. घरातला एक पुरुष रोज तिथे. मी मास्तरांच्या पुतण्याबरोबर गेलो. वाकळेवर घोंगडं, घोंगड्यावर पोतं, तरी पाठीला वारं लागायचं. ते घोंगडं त्याने माळेगावच्या यात्रेतून आणलेलं. लोहा तालुक्यातली खंडोबाची ही यात्रा मार्गशीर्षाच्या शेवटी भरते आणि लाल कंधारी गोऱ्ह्यापासून घोड्यांपर्यंत सगळी जनावरं तिथे येतात. पोराच्या हाताशी रिकामा पत्र्याचा डबा आणि काठी. मधेच तो डबा बडवायचा, हाळी द्यायचा. दरीच्या पलीकडून दुसऱ्या माळ्यावरून उत्तर यायचं, मग तांड्याच्या बाजूने तिसरं. सुरुवातीला ते जनावरांना हाकलायला वाटलं. नंतर लक्षात आलं की बराचसा भाग बोलण्याचा आहे. कुणाची गाय व्याली, उसाच्या तोडीला गेलेल्यांचा फोन आला का, उद्या लाईट किती वाजता. पहाटेकडे हाळ्या लांबत गेल्या. पलीकडच्या माळ्यावरून उत्तर आलं नाही तर पोरगा पुन्हा पुन्हा हाक मारायचा, तो माणूस बोलेपर्यंत.

लाईटचं ते बोलणं महत्त्वाचं होतं, कारण त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, हा पाळीचा क्रम आमच्या लातूरकडेही आहे. दादांच्या विहिरीवर मोटार आहे, तिला ऑटो लावलेला आहे, वीज आली की ती आपोआप सुरू होते. पण गव्हाला पाणी आपोआप जात नाही. दारं धरायला माणूस लागतो.

रात्री बाराच्या पुढे आम्ही खाली उतरलो. दादांच्या डोक्याला बॅटरी बांधलेली, पायात काही नाही. चिखलात चप्पल राहत नाही आणि गमबूट घेतले होते ते फाटले. त्यांनी फावड्याने पहिल्या वाफ्याचं दारं फोडलं, पाणी आत सरकलं. वाफा भरत आला की ते दारं मातीने बुजवायचं, पुढचं फोडायचं. प्रत्येक वेळी पाय पाण्यात. पाइपातून निघताना पाणी कोमट असतं, पण पाटातून वाहत शेवटच्या वाफ्याला पोचेपर्यंत त्याचं बर्फ होतं, हा दादांचा शब्द. मी हात लावून पाहिला. बोटं लगेच दुखायला लागली. दादा चार-पाच वाफे झाले की फावडं टाकून चालत पाइपाच्या तोंडाशी जायचे, त्या कोमट धारेखाली दोन्ही पाय धरून उभे राहायचे, थोड्या वेळाने परत यायचे. बॅटरीचा उजेड त्यांच्या पावलांवर पडला तेव्हा ती पांढरट, सुरकुतलेली दिसली. भेगांत चिखल. उनकेश्वरच्या पाण्यात ते इतका वेळ का बसले होते ते मला तेव्हा समजलं.

"डुकराचं काही न्हाई सर, ते पळतंय. अस्वल समोर आलं तर काय करावं?" त्यांनी फावड्यावर हात टेकून विचारलं. उत्तर त्यांना नको होतं. साडेतीनला वीज गेली. गहू अर्धाच भिजला होता. राहिलेल्यासाठी दुसऱ्या रात्री पुन्हा.

घरी आलो तेव्हा माय उठून आगटी पेटवत होती. तिने काही न बोलता मोठ्या मुलाचे पाय आपल्या पदराने पुसले आणि विस्तवाकडे ओढून घेतले. दादांचं वय पन्नाशीच्या पुढे असेल.

हिवाळ्यात डोंगरात गेलात तर थंडीचं कौतुक कराल, करावंच. पण हा हिवाळा ज्यांच्या अंगावरून जातो त्यांना थंडीचं एवढं भय नाही. थंडीला त्यांच्याकडे कुड आहे, आगटी आहे, वाकळ आहे, एकमेकांना दिलेली हाळी आहे. त्यांना भय आहे ते रात्रीच्या पाण्याचं. आणि हे संकट आभाळातून आलेलं नाही, ते वेळापत्रकातून आलेलं आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला. गावाजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्यावर शेतीच्या वाहिन्या दिवसा चालवायच्या, ही कल्पना अगदी योग्य आहे. पौषात या डोंगरावर दिवसभर स्वच्छ ऊन असतं, ढग औषधालाही नसतो.

माझं मागणं एवढंच आहे. ज्या वाहिन्या अशा योजनेत यायच्या राहिल्या आहेत त्यांची यादी करताना जंगलाच्या कडेच्या वाड्या, पोडं आणि तांडे शेवटी ठेवू नका. किनवट, माहूर, हिमायतनगर, आमच्याकडे जळकोट, मुखेडचा डोंगरी भाग, यांना आधी घ्या. सपाटीवरच्या शेतकऱ्याला रात्रीचं पाणी त्रासाचं आहे, डोंगरातल्याला ते जिवावरचं आहे. येत्या रब्बीत गव्हाला पहिलं पाणी द्यायची वेळ नोव्हेंबरअखेर येईल. त्याआधी हे व्हायला हवं.